तळटीप कुणासाठी?

दोघांचा वाद स्वल्पविरामावरून सुरू झाला. पुतणी मराठीत पीएच.डी. करते आहे, विषय जात्यावरच्या ओव्या. काका मराठीचे निवृत्त प्राध्यापक. बऱ्याच प्रबंधांचे मार्गदर्शक आणि त्याहून जास्त प्रबंधांचे परीक्षक. तिचे एक प्रकरण विभागाकडून परत आले होते आणि त्यावर शेरा एकच होता : संदर्भ एका पद्धतीने द्यावेत. मी पेशाने मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या तळटीपांतले पूर्णविराम जागेवर बसवण्यात माझी उमर गेली, त्यामुळे दोघांनीही मला आपापल्या बाजूचा धरले होते. मी बहुतेक वेळ गप्प राहिलो. जिथे राहवले नाही तिथे कंसात बोललो आहे.

पुतणी : काका, अख्खे प्रकरण वाचून ओव्यांबद्दल एक अक्षर नाही. कुठे आडनावापुढे स्वल्पविराम आहे, कुठे नाही. कुठे वर्ष कंसात, कुठे शेवटी. याला संशोधनाची तपासणी म्हणायची? हे तर सोवळेओवळे झाले.

काका : सोवळे म्हण हवे तर. मीही तरुणपणी म्हणत असे. वर्ष कंसात घालायची चाल कुठून आली, ठाऊक आहे? हार्वर्डला एडवर्ड मार्क नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते. १८८१ साली त्यांनी बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांवर एक भलामोठा निबंध लिहिला आणि त्यात आधीच्या अभ्यासकाचे नाव व वर्ष थेट मजकुरात, कंसात टाकले. तीच पुढे हार्वर्ड पद्धत झाली.

पुतणी : म्हणजे गोगलगाईसाठी निघालेला नियम माझ्या ओव्यांना लावायचा.

काका : लावू नकोस ना! विज्ञानात नवे काय, जुने काय हे वर्षावरून कळते, म्हणून त्यांनी वर्ष पुढे आणले. आपल्याकडे वर्षाइतकीच, कधी वर्षाहून जास्त, प्रत महत्त्वाची असते. पण कुठली तरी एक पद्धत धर आणि ती शेवटपर्यंत पाळ. स्वल्पविराम आडनावापुढे दिलास काय, न दिलास काय, कुणाचे काही बिघडत नाही. दोन्ही केलेस तर वाचणाऱ्याला वाटते, या फरकात काही अर्थ असणार. तो अर्थ शोधत बसतो आणि तो तिथे नसतोच.

(हे शंभर टक्के खरे. एका यादीत ‘शिरवाडकर, वि. वा.’ आणि चार ओळींवर ‘कुसुमाग्रज’ असे पाहिले की मला दर वेळी विचारावे लागते : हे दोघे आहेत असे लेखकाला वाटते, की एकच आहेत हे माहीत असून त्याने असे केले आहे? नाटकावर एक नाव, कवितेवर दुसरे, हे खरेच आहे. पण मग एका नावापुढे ‘पाहा’ म्हणून दुसरे नाव दाखवायला काय लागते?)

पुतणी : बरं, एक पद्धत पाळते. ते काम संगणक करून देईल. झोटेरो फुकट मिळते, कळ दाबली की सगळी यादी एका साच्यात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी माझे प्रकरण परत आले ती यंत्राच्या पाच मिनिटांची होती. मग तुम्ही लोक वर्षानुवर्षे हिच्यासाठी विद्यार्थ्यांना का छळत आलात?

काका : यंत्र साचा देईल. साच्यात काय ओतायचे ते तुलाच ठरवावे लागेल. समजा मी लिहिले, ‘तुकाराम, अभंग क्रमांक २५००’. कुठे शोधशील?

पुतणी : गाथेत.

काका : कुठल्या?

पुतणी : ...

काका : १८६९ पासून इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत निघालेली पंडितांची गाथा आहे. सरकारने १९५० साली काढलेली आहे, तिच्यात ४६०७ अभंग. वारकऱ्यांच्या हातात असते ती जोगमहाराजांची. देहूची आणखी वेगळी. क्रमांक सगळीकडे सारखे नाहीत, अभंगांची संख्या सारखी नाही आणि कित्येक ठिकाणी शब्दही सारखे नाहीत. नुसता क्रमांक देणे म्हणजे पुण्यात ‘घर नंबर २५००’ एवढाच पत्ता देणे. पेठ कुठली?

पुतणी : पण तुकोबांना असल्या पत्त्याची गरज वाटली नव्हती. त्यांनी प्रत्येक अभंगाच्या शेवटी स्वतःचे नाव घातले. ‘तुका म्हणे.’ याहून सरळ संदर्भ कोणता? शतकानुशतके लोक तेवढ्यावर गात आले.

काका : आणि त्याच शतकांत ज्याला आपला अभंग चालावा असे वाटले त्याने शेवटी ‘तुका म्हणे’ जोडून दिले. नाममुद्रा कुणीही उचलावी अशी असते. अभंग तुकोबांचा की मागाहून कुणी घातलेला, हा वाद आजही मिटलेला नाही, तो यामुळेच. मुद्रेने नाव कळते. कुठल्या वहीत, कुणाच्या हातचे, कधीचे, हे तिच्यातून कळत नाही. कीर्तनाला नाव पुरते. प्रबंधाला पुरत नाही, कारण प्रबंध वाचणाऱ्याला तुझ्या मागोमाग त्या वहीपर्यंत जायचे असते.

पुतणी : खरे सांगा, किती जण जातात? प्रबंध कपाटात पडतो, नाहीतर शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढतो. तळटीपेचा मागोवा घेत ग्रंथालयात जाणारा वाचक तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

काका : एखादाच जातो. पण ज्याला तुझे म्हणणे पटलेले नसते तो नक्की जातो. तळटीप त्याच्यासाठी असते. ज्याला पटले आहे त्याला तिचा काय उपयोग?

पुतणी : हे ऐकायला छान आहे. विरोधकाच्या हातात आपणच काठी द्यायची?

काका : द्यायची. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून त्याचे प्रमुख संपादक. त्यांचे आदिपर्व १९३३ साली पुरे छापून निघाले. ते कधी उघडून पाहिलेस? पानाच्या वरच्या भागात संहिता आणि खाली बारीक टाइपात पाठभेदांची गर्दी. काश्मीरकडच्या शारदा लिपीतल्या पोथ्यांना एक खूण, बंगाली पोथ्यांना दुसरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम लिपींतल्यांना आणखी वेगळ्या. कुठल्या पोथीत कुठला शब्द आहे, कुठला श्लोक कुणात जास्तीचा आहे, सगळे श्लोकागणिक. एवढे करून सुकथनकरांनी काय केले असेल? गणपतीने महाभारत लिहून घेतले ही कथा मूळ संहितेतून बाहेर काढली आणि परिशिष्टात ठेवली.

पुतणी : महाराष्ट्रात? गणपती?

काका : महाराष्ट्रात, पुण्यात, गणपती. कारण पोथ्यांचा पुरावा त्यांना पुरेसा वाटला नाही. पण फेकून दिली नाही. परिशिष्टात पूर्ण छापली, पोथ्यांच्या खुणांसकट. पुढे सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने केले. त्याने वस्त्रहरणातला द्रौपदीचा कृष्णाला केलेला धावा असाच खाली उतरवला. त्यावर अभ्यासक आजही भांडतात. ते भांडू शकतात, कारण संपादकाने नाकारलेला मजकूर आणि त्याचा ठिकाणा त्याच ग्रंथात दिलेला आहे. ज्याला सुकथनकर पटत नाहीत तो सुकथनकरांच्याच पानावरून आपले महाभारत उभे करू शकतो. तळटीप म्हणजे काय ते मला तिथे कळले. संदर्भलेखनाच्या पुस्तकांतून नाही.

(इथे पुतणी थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने नेमका दुखरा भाग काढला.)

पुतणी : तुम्ही सुकथनकरांचे बोलता आहात. माझ्या विभागात कुणी तळटीप विरोधकासाठी लिहीत नाही. ती यंत्रासाठी लिहिली जाते. प्रबंध आधी साम्य तपासणाऱ्या यंत्रातून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत : साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर काही नाही, १० ते ४० असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्या, ४० ते ६० असेल तर वर्षभर देताच येत नाही, ६० च्या वर गेले की नोंदणी रद्द. आमच्याकडे सगळे जण टक्क्यांवर बोलतात. ‘माझे तेरा आले’, ‘माझे नऊवर आणले’. टक्केवारी उतरवून देणारी माणसे आहेत, पानामागे पैसे घेतात. ती काय करतात? ‘स्त्री’च्या जागी ‘महिला’, ‘दुःख’च्या जागी ‘वेदना’, वाक्य उलटेपालटे. झाले नऊ टक्के. विचार सगळा दुसऱ्याचा, तळटीप एक नाही आणि यंत्र खूश.

काका : त्याच नियमांत अवतरणचिन्हांत घेऊन श्रेय दिलेला मजकूर, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे साम्यातून वगळायचे म्हटले आहे. योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दही सोडून द्यायचे आहेत.

पुतणी : हो, आणि त्या चौदाचा अर्थ मुलांनी असा लावला आहे की दर तेराव्या शब्दानंतर एक शब्द बदलायचा.

काका : यंत्र साम्य मोजते. चोरी मोजत नाही. मराठीत तर साम्यही पुरते मोजता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुस्तके निव्वळ चित्ररूपाने स्कॅन केलेली असतात, नाहीतर तीही नाहीत. एखाद्या जुन्या मासिकातला अख्खा लेख उतरवून काढलास तर यंत्र शून्य टक्के सांगेल. उलट ज्या बापडीने पन्नास ओव्या नीट अवतरणात, ठिकाणासह दिल्या, तिच्याच प्रबंधात आकडा फुगतो. मग कुणी तरी माणसाने बसून ते वगळायचे असते आणि त्याला वेळ नसतो.

पुतणी : मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलता आहात.

काका : यंत्रापुरता. पण शब्द बदलले की ऋण फिटले, ही समजूत यंत्राने निर्माण केलेली नाही. ती आधीपासून होती. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगितले तरी तळटीप द्यायची. किंबहुना तिथेच जास्त, कारण अवतरणचिन्ह नसल्याने वाचणाऱ्याला काहीच कळायला मार्ग नसतो. आणि परिच्छेदाच्या शेवटी एक संदर्भ टाकून मोकळे व्हायचे, हेही नको. सहा वाक्यांतली कुठली दोन त्यांची आणि कुठली चार तुझी?

पुतणी : बरं. आता माझ्या एका मित्राचे ऐका. तो इतिहासात आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’मधले एक पत्र त्याला हवे होते. ते त्याला सरदेसायांच्या रियासतीत सापडले, खाली राजवाड्यांचा खंड आणि पत्राचा क्रमांक होता. त्याने तळटीपेत थेट राजवाडे लिहिले. मार्गदर्शक म्हणाले, रियासतीचे नाव घाल, ‘उद्धृत’ म्हणून. त्याचे म्हणणे, पत्र राजवाड्यांनीच छापले ना? मग सरदेसायांचे नाव मध्ये कशाला? उगाच प्रबंध दुय्यम साधनांवर बेतलेला दिसतो.

काका : दिसतो, कारण आहे. साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तेव्हापासून ते खंड ग्रंथालयात आहेत. जाऊन पाहायचे आणि मग राजवाडे लिहायचे. पाहायला मिळत नसतील तर ‘उद्धृत’ लिहायचे, त्यात लाज कसली? सरदेसायांनी पत्र पूर्ण दिले की निवडून दिले, हे मूळ पाहिल्याशिवाय त्याला कसे कळणार?

(इथे मला राहवले नाही. लॉस एंजेलिसच्या सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ साली एक गमतीचे काम प्रसिद्ध केले. एका गाजलेल्या निबंधाचा संदर्भ देताना लोकांनी खंड वा पानाच्या आकड्यात केलेल्या छापील चुका त्यांनी गोळा केल्या. तीच चूक, तोच चुकीचा आकडा, पुनःपुन्हा. मूळ निबंध उघडला असता तर चूक तिथेच सुधारली असती. म्हणजे लोक मूळ न बघता एकमेकांच्या याद्यांमधून संदर्भ उतरवत होते. त्यांचा अंदाज असा निघाला की साधारण पाचांतला एक जण मूळ लेख वाचतो. पोथ्यांचे अभ्यासकही चुकांवरून असाच माग काढतात : दोन पोथ्यांत तीच चूक असेल तर एक दुसरीवरून उतरली, नाहीतर दोन्ही एकाच तिसरीवरून. चूक वंश सांगते. मुद्रितशोधकाला यात जे सुख आहे ते इतरांना कळायचे नाही.)

काका : आणि त्या नसलेल्या लेखाची गोष्ट सांग की हिला.

(सांगितली. एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठीच्या सूचनांत संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून एक लेख छापला होता. वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेवरचा, तीन लेखक, साल २०००. असा लेख कुठेच नव्हता, नमुन्यापुरता रचलेला होता. पण शेकडो खऱ्या शोधनिबंधांच्या याद्यांत तो संदर्भ म्हणून जाऊन बसला, जवळजवळ चारशे ठिकाणी. ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली ही हकिकत लिहिली. बहुतेक ठिकाणी घडले असे की नमुन्याचा कागद भरताना तो पुसायचा राहिला. लेखकाने पाहिले नाही, परीक्षकाने पाहिले नाही, संपादकाने पाहिले नाही.)

पुतणी : हे तर आता घरोघरी होणार. आमच्याकडे मुले चॅटजीपीटीला विचारतात, अमुक विषयावर दहा संदर्भ दे. तो देतो. लेखक खरा, मासिक खरे, लेख मात्र नाही.

काका : न्यूयॉर्कला २०२३ साली दोन वकिलांचे हेच झाले. विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यांनी जे जुने निकाल दाखवले त्यांतले काही अस्तित्वातच नव्हते. पाच हजार डॉलर दंड. त्यांतल्या एकाने यंत्रालाच विचारले होते, हे खटले खरे आहेत ना? यंत्र म्हणाले, हो. न्यायाधीश पत्त्यावर गेले आणि घर नव्हते.

पुतणी : यात मला वाद नाही. न पाहिलेल्या पुस्तकाचे नाव घालू नये, मान्य.

काका : आणि पाहिलेल्याचे लपवू नये. सिंहगडावरच्या घोरपडीची गोष्ट घे. किती पुस्तकांत येते! तळटीप असली तर बहुधा दुसऱ्या पुस्तकाची, त्यात तिसऱ्याची. मागे मागे जा, तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यापाशी पोहोचशील. सतराव्या शतकाच्या अखेरीस सभासदाने बखर लिहिली तिच्यात घोरपड नाही. मी पोवाड्याला कमी लेखत नाही. लोकांना ती गोष्ट कशी आठवावीशी वाटली याचा तो अस्सल पुरावा आहे. फक्त तळटीपेत ‘पोवाडा’ असे लिहा. मग वाचणारा आपले ठरवील.

पुतणी : आता तुम्ही माझ्या दारात आलात. पोवाड्याला शाहिराचे नाव आहे, छापील संग्रह आहेत. माझ्या ओव्यांचे काय? मावळात, मुळशीत मी ज्या बायकांकडून ओव्या ऐकल्या त्यांतल्या निम्म्या लिहीत-वाचत नाहीत. एपीए या अमेरिकी संदर्भपद्धतीच्या नियमात म्हटले आहे की मुलाखत, पत्र, बोलणे हे ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून मजकुरात कंसात द्या, शेवटच्या संदर्भसूचीत घालू नका. कारण काय? वाचक तिथवर पोहोचू शकत नाही. तुमचेच कारण, काका! पत्ता नाही म्हणून नाव नाही. म्हणजे त्या बाईच्या ओवीवर ज्याने चार पानांचा लेख छापला तो प्राध्यापक माझ्या सूचीत ठळक, आणि जिची ओवी ती सूचीत नाहीच.

(काका लगेच काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले.)

काका : एपीएने अलीकडच्या आवृत्तीत मौखिक परंपरांसाठी वेगळे सांगितले आहे. समाजाचे नाव, ठिकाण, जास्त तपशील मजकुरात द्यावा असे.

पुतणी : मजकुरात! सूचीत नाहीच. आणि तुम्हाला जी मोठी कामे आवडतात त्यांच्याकडेही बघा. पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास, पाच खंड, खाली संस्कृत वचनांच्या तळटीपाच तळटीपा. भारतरत्न मिळाले, योग्यच झाले. पण त्या तळटीपांत पोथी असलेला समाजच उतरणार. ज्यांच्याकडे पोथी नव्हती ते कुठे? जुने ओवीसंग्रह काढून बघा, बहुतेकांत संग्राहकाचे नाव मुखपृष्ठावर आणि गाणारी कुठेच नाही. संदर्भ देण्याची शिस्त म्हणजे ज्याचे छापून आले आहे त्यानेच एकमेकांना दिलेला मान आहे. मला ती म्हणून खुपते. स्वल्पविरामाचे सोडा.

काका : काण्यांबद्दल तू म्हणतेस ते पुरते बरोबर नाही, त्यांचा विषयच ग्रंथांचा होता. पण ओवीसंग्रहांबद्दल म्हणतेस ते बरोबर. आणि त्याला उत्तर झालेले आहे, आपल्याच जिल्ह्यात झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. गाणारीचे नाव, गाव, तालुका, पुष्कळ ठिकाणी ध्वनिमुद्रण. आता पारी या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने येतात, गाणारीच्या नावानिशी. म्हणजे छापलेले नसले तरी पत्ता तयार करता येतो. संशोधकाने तो तयार करायचा.

पुतणी : माझा तर तोच आदर्श आहे.

काका : मग तक्रार कसली? तुझी मुद्रणे कुठे आहेत?

पुतणी : फोनमध्ये.

काका : फोन हरवला की त्या बायकांचा पत्ता गेला आणि प्रबंधातल्या ओव्यांवर तुझ्या शब्दाखेरीज काही उरले नाही. एपीएला नावे ठेवण्याआधी मुद्रणे ग्रंथालयात नाहीतर एखाद्या संग्रहालयात ठेव, प्रत्येकाला क्रमांक लाव, तारीख, गाव, गाणारी, किती मिनिटाला कुठली ओवी, हे लिही. मग ती ‘वैयक्तिक संवाद’ राहत नाही. संग्रहातली वस्तू होते आणि हक्काने सूचीत येते.

पुतणी : आणि जिला नाव नको असेल तिचे काय? सासुरवासाच्या ओव्या सांगताना एक आजी म्हणाल्या, नाव घालू नको बाई, घरात सून शिकलेली आहे, वाचेल.

काका : मग नाव नको. खूण घाल. गायिका सात, मुळशी तालुका.

पुतणी : म्हणजे छापून आलेल्या सगळ्यांना नाव आणि आजींना क्रमांक.

काका : ...

पुतणी : सुकथनकरांच्या पोथ्यांना खुणा होत्या, चालेल. आजी पोथी नाहीत.

काका : नाहीत खऱ्या. तिला विचार, काय लिहू म्हणून. तिने स्वतः सांगितलेले दुसरे नाव घाल, माहेरचे गाव घाल, काहीच नको म्हणाली तर ‘नाव न देण्याची विनंती’ असे लिही. तेही एक माहितीच आहे. पण मी खरे सांगतो, यावर माझ्याकडे नियम नाही. मी ज्यांना मार्गदर्शन केले त्यांत लोकसाहित्यावरचे प्रबंधही होते. त्यांत आम्ही माहिती सांगणाऱ्यांची यादी परिशिष्टात देत असू, ग्रंथसूचीच्या मागे.

पुतणी : मागे.

काका : तू पुढे घे. आधी गाणाऱ्या, मग मुद्रणे, मग हस्तलिखिते, मग छापील ग्रंथ, मग त्या ग्रंथांवरचे ग्रंथ. जे ज्याच्या आधी आले त्या क्रमाने. विभागाने विचारले तर सांग, कारण आहे.

पुतणी : आणि परत पाठवले तर?

काका : परत पाठवू दे. या वेळी स्वल्पविरामासाठी पाठवणार नाहीत.

(वाद तिथे थांबला. मिटला म्हणता येणार नाही. काकांचे तुकारामाच्या प्रतीबद्दलचे आणि न वाचलेल्या मूळ ग्रंथाबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. टक्केवारीबद्दल दोघांचे एकमत झाले याचे मला नवल वाटले नाही. त्या आकड्यावर विश्वास असलेला एकही चांगला शिक्षक मला अजून भेटलेला नाही. सूचीच्या क्रमाबद्दल मी पुतणीच्या बाजूचा आहे.

आता जे मुद्रितशोधकाच्या अखत्यारीत येते ते. विद्यापीठांचे मराठी विभाग संदर्भ द्यायला एमएलए किंवा एपीएच्या इंग्रजी पुस्तिका पुढे करतात. अभंगाची प्रत कशी नोंदवावी, शके १८२० मध्ये छापलेल्या पुस्तकापुढे कोणते इसवी सन लिहावे, ७८ मिळवावेत की पौष-माघासाठी ७९, कुसुमाग्रज ‘क’मध्ये घ्यावेत की ‘श’मध्ये, ज्ञानेश्वरांना आडनावाच्या रकान्यात काय द्यावे, ‘तत्रैव’ आणि ‘उपरोक्त’ कुठे चालावेत, यांतले एकही त्या पुस्तिकांत सापडायचे नाही. त्या ज्या भाषेसाठी लिहिल्या गेल्या तिला हे प्रश्न नाहीत. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची एकट्याच्या जिद्दीने केली आणि १९४३ साली छापली. तिच्या नोंदी पाहिल्या तर मराठी पुस्तकाची ओळख कशी लिहावी याचा निम्मा पाया तयार सापडतो. राज्यातल्या मराठी विभागांनी एकत्र बसून वीस-पंचवीस पानांची एक मराठी संदर्भपद्धती ठरवावी, तिच्यात मौखिक साधनांना आणि गाणाऱ्या माणसांना सूचीत जागा द्यावी, आणि ती सगळ्यांना फुकट उपलब्ध करावी. मसुद्याची मुद्रिते तपासायला मी तयार आहे.)